शेततळ्यातल्या माशांवर पुन्हा पुन्हा येणारे लाल चट्टे आणि जखमा: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने आणि कुठे थांबायचं

शेततळ्यात रोहू-कटला पाळणाऱ्यांकडून एकच तक्रार सतत येते. अंगावर लाल चट्टे आले, दुकानदाराने दिलेलं औषध टाकलं, आठवडाभर मर थांबली आणि परत सुरू झाली. पुढच्या हंगामात पुन्हा तेच. अशी तळी मी पुष्कळ हाताळली आहेत. त्यातली जी कायमची सावरली, ती औषध बदलून क्वचितच सावरली. माशाची प्रतिकारशक्ती नेमकी कशाने ढासळली ते सापडलं आणि ते दुरुस्त केलं, तेव्हाच मर थांबली. म्हणून बाटली उघडण्याआधी खालच्या तपासण्या याच क्रमाने करा. पहिल्या दोन-तीन फुकट आहेत आणि बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

आधी लक्षणं नीट ओळखा

परांच्या मुळाशी, पोटाखाली आणि गुदद्वाराभोवती रक्त उतरल्यासारखी लाली. खवले सैल होऊन गळतात आणि त्या जागी लाल कडेची उघडी जखम. काही मासे पोट फुगलेले, खवले उभे राहिलेले, म्हणजे आपण जलोदर म्हणतो तो. काहींचे डोळे बाहेर आलेले. मासा खाद्य सोडतो, कळपातून बाजूला होतो, काठाला किंवा पाणी आत येतं त्या पाइपाशी सुस्त थांबतो, सावली पडली तरी पळत नाही. मर रोज थोडी थोडी, पण थांबत नाही. हे चित्र असेल तर बहुधा एरोमोनास जातीचा जिवाणू, त्यातही एरोमोनास हायड्रोफिला, आणि खालचा सगळा मजकूर त्याच्यासाठी आहे.

त्याच्यासारखी दिसणारी, पण वेगळी असणारी दुखणी आधी बाजूला काढू. कल्ल्यांवर किंवा पाठीवर पिवळट-पांढरा, कापसासारखा चिकट थर आणि कल्ले टोकापासून कुजलेले असतील, तर तो बहुतेक फ्लेव्होबॅक्टेरियम कॉलम्नेअर हा दुसरा जिवाणू. थंडीत पाण्याचं तापमान उतरल्यावर मृगळ, मरळ किंवा लहान रोहूवर आत मांसापर्यंत गेलेले खड्ड्यासारखे व्रण असतील, तर संशय ईयूएसचा, म्हणजे एपिझूटिक अल्सरेटिव्ह सिंड्रोम या साथीच्या व्रणरोगाचा. त्याचं मूळ ॲफॅनोमायसिस नावाची बुरशीसारखी सजीव जात आहे. हा रोग भारतात १९८८ मध्ये ईशान्येकडून शिरला आणि तिथून देशभर पसरला. त्या व्रणांत एरोमोनासही सापडतो, पण तो मागाहून घुसलेला असतो. त्यामुळे नुसत्या अँटिबायोटिकने ईयूएस बरा होत नाही.

आणि रात्रीतून सगळ्या जातींचे, सगळ्या आकारांचे मासे एकदम मेले, तर तो जिवाणू नव्हे. जिवाणूजन्य रोग असा एका रात्रीत सगळं तळं आडवं करत नाही. ते ऑक्सिजन संपल्याचं किंवा शेजारच्या रानातली फवारणी तळ्यात आल्याचं लक्षण. काठावर बेडूक, गोगलगाई आणि पाणकिडेही मेलेले दिसले तर फवारणीच समजा.

जिवाणू कायमच असतो, मग रोग आत्ताच का?

एरोमोनास बाहेरून आलेला पाहुणा नाही. गोड्या पाण्याच्या प्रत्येक तळ्यात, गाळात, अगदी धडधाकट माशाच्या आतड्यातही तो असतो. तळ्यातून तो नाहीसा करणं शक्य नाही. तसा प्रयत्नही कुणी करू नये.

त्याला अडवून धरतो तो मासाच. पहिली फळी अंगावरच्या बुळबुळीत थराची. हा चिकटा नुसता निसरडा नसतो. जिवाणूची भिंत विरघळवणारं लायसोझाइम, इतर प्रथिनं आणि अँटिबॉडी त्यात असतात. शिवाय हा थर सतत गळून नवा होत असतो, त्यामुळे चिकटलेला जिवाणू त्याच्याबरोबर धुऊन जातो. हा थर आणि खवले फाटले तरच जिवाणू आत शिरतो. आत रक्तातल्या भक्षक पेशी आणि जिवाणूला छिद्रं पाडणारी प्रथिनं तासाभरात कामाला लागतात. विशिष्ट जिवाणू ओळखून बनणाऱ्या अँटिबॉडींना मात्र वेळ लागतो, उबदार पाण्यातही दोन ते चार आठवडे. माशाच्या हाडांत रक्तपेशी बनवणारी मज्जा नसते. त्याचं संरक्षणाचं मुख्य ठाणं म्हणजे मूत्रपिंडाचा डोक्याकडचा भाग आणि प्लीहा.

यातून व्यवहाराच्या दोन गोष्टी निघतात. पहिली तापमानाची. माशाचं शरीर पाण्याइतकंच गरम किंवा थंड असतं. डिसेंबर-जानेवारीत पाणी उतरलं की अँटिबॉडी बनवण्याचं काम मंदावतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी तापू लागतं तेव्हा जिवाणू काही तासांत दुपटीने वाढू लागतो आणि माशाची तयारी मात्र मागे राहते. त्या मधल्या काळात आपल्याकडे हमखास मर होते. दुसरी गोष्ट ताणाची. जाळ्यात ओढणं, दाटी, ऑक्सिजनची टंचाई, वाहतूक, यातल्या कशानेही रक्तात कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि कॉर्टिसोल या संरक्षक पेशींना दाबून टाकतं. ताण आज येतो, चट्टे पाच-दहा दिवसांनी दिसतात. मधे दिवस गेल्यामुळे दोन्हींचा संबंध शेतकऱ्याच्या लक्षात येत नाही.

फुकटची तपासणी: पहाटे तळ्यावर जा

सूर्य उगवायच्या आधी, पाच-साडेपाचला. दुपारी जाऊन काही कळत नाही. दिवसा शेवाळ ऑक्सिजन बनवतं, रात्री तेच शेवाळ आणि गाळ तो खातात, म्हणून दिवसातली सर्वांत कमी पातळी पहाटे असते. मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा गिळत असतील, कटला सगळ्यांत आधी वर आला असेल, तर ऑक्सिजन कमी पडतोय. लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर हवा. ३ च्या खाली मासा जगतो, पण रोज पहाटे अशी गुदमर सोसणाऱ्या माशाकडे जिवाणूशी लढायला काही उरत नाही.

उपाय त्याच दिवशी सुरू करा. खाद्य बंद, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) रात्री दहापासून सूर्योदयानंतर तासभर चालू. एरेटर नसेल तर पंपाने तळ्यातलंच पाणी उचलून उंचावरून फवाऱ्यासारखं तळ्यातच पाडा. शक्य असेल तर रोज थोडं जुनं पाणी तळातून काढून ताजं भरा. नुसतं एवढं करून चार-पाच दिवसांत मर निम्म्यावर आलेली मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. मर खाली येत असेल तर पुढच्या तपासण्या करा, पण औषधाची घाई करू नका.

गेल्या दहा-बारा दिवसांत तळ्यावर काय काय झालं?

वही असेल तर उघडा, नसेल तर गड्याला विचारा. जाळं ओढलं होतं का? वजन बघायला मासे उचलले आणि कोरड्या जमिनीवर टाकले का? नवं बीज सोडलं का, आणि ते कुठून आलं? पहिला मोठा पाऊस झाला का? पावसाचं थंड पाणी खाली बसतं आणि तळाचं ऑक्सिजन नसलेलं पाणी वर येतं. शिवाय रानातून शेणखत आणि माती वाहून येते. मोठे मासे विकून टाकले म्हणून उरलेल्यांना जास्त खाद्य दिलं का?

यातलं एक जरी उत्तर हो आलं तरी कारण बहुधा तेच. जाळं ओढल्यानंतर आठवड्याने आलेल्या चट्ट्यांसाठी सर्वांत मोठा उपाय म्हणजे माशांना परत हात न लावणं. आजारी मासे बघायला म्हणून दर दोन दिवसांनी जाळं टाकणारे लोक भेटतात. त्या प्रत्येक ओढीत आणखी शंभर माशांचा चिकटा खरवडला जातो. बघायला हवेतच तर फेकजाळ्याने चार-पाच काढा.

दाटीही इथेच तपासा. एरेटर असलेल्या तळ्यातही मिश्र कार्पची (रोहू, कटला, मृगळ यांची एकत्र) बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, हेक्टरी ५ ते १० हजारांच्या पुढे नेऊ नका. प्लॅस्टिक कागदाच्या शेततळ्यात "पाणी खोल आहे" म्हणून तिप्पट बीज टाकलेलं सर्रास दिसतं. खोली वाढली तरी ऑक्सिजन वरच्या थरातूनच येतो. त्यामुळे खालचं पाणी मोजणीत धरून बीज टाकलं की पहिल्याच थंडीत हिशेब चुकतो.

खाद्याचं पोतं

पोत्याला हात घाला आणि वास घ्या. खवट वास, गुठळ्या, हिरवट-काळी बुरशी यातलं काही असेल तर पोतं बाजूला. पावसाळ्यात ओलावा लागलेल्या शेंगदाणा पेंडीवर जी बुरशी येते तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विष माशाचं यकृत बिघडवतं आणि प्रतिकारशक्ती खाली आणतं. खाद्याची तारीखही बघा. कार्प माशांना क जीवनसत्त्व अंगात बनवता येत नाही, ते खाद्यातूनच मिळावं लागतं. पत्र्याच्या शेडमध्ये तीन-चार महिने पडलेल्या खाद्यात ते फारसं उरत नाही. क जीवनसत्त्व कमी पडलं की जखम भरत नाही. मग चट्टे बरे होत नाहीत म्हणून आपण औषध बदलत बसतो. ताजं खाद्य घ्या, पोती फळीवर, भिंतीपासून दूर ठेवा. या तपासणीला पाच मिनिटं लागतात, तरी ती कुणी करत नाही.

चार-पाच मासे हातात घेऊन बघा

हातमोजे घाला. हे जिवाणू माणसाच्या हातावरच्या जखमेतही शिरतात, आणि मधुमेह असलेल्या माणसाने तर उघड्या हाताने आजारी मासा धरूच नये.

ओल्या गोणपाटावर रोहू आडवा घ्या आणि पराच्या मागे, पोटाकडे, शेपटीच्या मुळाशी उजेडात नीट बघा. पारदर्शक, चपटी, मसुराच्या डाळीएवढी चकती खवल्यावर दिसेल. ती तुम्ही बोट लावेपर्यंत खवल्याचाच भाग वाटते आणि बोट लागताच सरकते. तिच्यावर दोन काळे ठिपके, ते तिचे डोळे. ही अर्गुलस, म्हणजे माशांची ऊ. ती टोचून रक्त पिते आणि प्रत्येक टोचलेल्या जागी एरोमोनासला दार उघडून देते. रोहूवर ती सर्वांत जास्त. मासे अंग घासत असतील, पाण्याबाहेर उड्या मारत असतील तर ही बघाच.

ऊ सापडली तर अँटिबायोटिकने काहीही होणार नाही. चट्टे पुन्हा पुन्हा येण्याचं मला सर्वांत जास्त वेळा सापडलेलं कारण हेच आहे. तिची अंडी कडक पृष्ठभागावर चिकटवलेली असतात: बांबू, दगड, प्लॅस्टिक कागद. उवा मारायचं औषध अंड्यांवर चालत नाही, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी नवी पिढी बाहेर पडते आणि शेतकऱ्याला वाटतं औषध नकली होतं. स्वस्तातला उपाय असा: काठालगत पाण्यात बांबू किंवा जुन्या लाकडी फळ्या उभ्या बांधा. उवा त्यावर अंडी घालतात. दर आठवड्याला फळ्या काढून कडक उन्हात दिवसभर वाळवा, खरवडा, परत लावा. दोन महिने चिकाटीने केलं तर संख्या दिसण्याइतकी घटते. उवांची रासायनिक औषधं मात्र मत्स्य अधिकाऱ्याला विचारल्याशिवाय टाकू नका. त्यातली बरीचशी मुळात शेतातली कीटकनाशकं आहेत आणि मापात जरा चूक झाली तर मासेच मरतात.

मासा हातात आहे तोवर कल्ल्याचं झाकण उचला. लालभडक कल्ला निरोगी. फिकट गुलाबी म्हणजे रक्त कमी. कडा कुजलेल्या आणि पिवळट म्हणजे वर सांगितलेला कॉलम्नेअर. चॉकलेटी-तपकिरी रंग असेल तर पाण्यात नायट्राइट वाढलं आहे. रक्त ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही आणि एरेटर चालू असूनही मासा गुदमरतो.

पाणी तपासणीचं किट

आता पैसे खर्च करा. पीएच (पाणी आम्लधर्मी की क्षारीय), अमोनिया, नायट्राइट आणि अल्कलिनिटी (आम्ल पचवायची पाण्याची ताकद) एवढं मोजणारं साधं किट घ्या आणि दोनदा मोजा, पहाटे आणि दुपारी तीनला. एकदाच मोजलेल्या पीएचला अर्थ नाही. हिरव्यागार तळ्यात तो सकाळी ७.५ आणि दुपारी ९ च्या वर असू शकतो.

हे का महत्त्वाचं? किट एकूण अमोनिया दाखवतं, पण विषारी असतो त्यातला ठरावीक हिस्सा. पाणी २८ अंशांचं असताना पीएच ७ ला तो हिस्सा शंभरात एकापेक्षा कमी, ८ ला साधारण साडेसहा टक्के आणि ९ ला तब्बल ४१ टक्के. म्हणजे सकाळी निरुपद्रवी असलेला तोच अमोनिया दुपारी कल्ले जाळतो आणि चिकट्याचा थर बिघडवतो. म्हणून "मासे मरताहेत, चुना टाका" हा सल्ला मला घातक वाटतो. चुना पीएच वर नेतो. देशावर, काळ्या दगडाच्या मुलखात विहिरीचं पाणी बहुधा आधीच क्षारीय असतं, तिथे आजारी तळ्यात चुना टाकणं म्हणजे अमोनियाला धार लावणं. कोकणातल्या जांभ्या मातीच्या आम्लधर्मी तळ्यात गोष्ट उलटी आहे, तिथे चुना लागतो. पीएच आणि अल्कलिनिटी मोजल्याशिवाय एक किलोही टाकू नका.

अमोनिया जास्त आला तर खाद्य दोन-तीन दिवस पूर्ण बंद. कार्पला उपाशी राहिल्याने काही होत नाही आणि अमोनियाचा झराच बंद होतो. नंतर निम्म्या खाद्यावर या. नायट्राइट आलं तर साधं मीठ. नायट्राइटच्या दहापट क्लोराइड पाण्यात असलं तर ते कल्ल्यातून आत शिरत नाही. मिठात साधारण ६० टक्के क्लोराइड, म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम नायट्राइट असेल तर हजार लिटरला १६-१७ ग्रॅम मीठ. पाणी मुळात मचूळ असेल तर त्यात क्लोराइड आधीच आहे, तेवढं कमी लागेल.

तळाचा गाळ

लांब बांबू तळाला टेकवून वर काढा. टोकाला काळा, सडक्या अंड्यासारखा वास येणारा थर असेल तर जिवाणूंचा कारखाना तिथे आहे. मातीच्या तळ्यात माती थोडंफार पचवते, प्लॅस्टिक कागदाच्या तळ्यात पचवणारी मातीच नसते. विष्ठा आणि न खाल्लेलं खाद्य मधल्या खोलगट भागात साठत जातं. आजाराच्या काळात तो ढवळू नका. पाइप खाली सोडून मधल्या भागातलं पाणी गाळासकट हळूहळू ओढून झाडांना द्या. मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) तळाला खातात, म्हणून जखमा त्यांच्यावर आधी दिसल्या तर बोट गाळाकडे दाखवा.

पोटॅश परमँगनेट: कधी आणि किती

वरचं सगळं केल्यावर आणि जखमा बाहेरच्या असतील तरच. त्वचा आणि कल्ल्यांवरच्या जिवाणूला ते मारतं. रक्तात गेलेल्याला त्याचा काही उपयोग नाही. नेहमीचं माप २ पीपीएम, म्हणजे हजार लिटरला २ ग्रॅम.

चूक होते ती पाण्याच्या हिशेबात. शेततळ्याच्या बाजू तिरक्या असतात. वर ३० बाय ३० मीटर, तळाला २२ बाय २२ आणि पाणी ३ मीटर असेल तर लोक ३० × ३० × ३ करून २७ लाख लिटर धरतात. खरं पाणी वीस लाखांच्या आसपासच असतं, कारण सरासरी बाजू २६ मीटर. ५ किलो ४०० ग्रॅमच्या जागी ४ किलो पुरे. आणि आजची पाण्याची पातळी मोजा, तळं खोदतानाची नव्हे.

तळ्यातल्याच पाण्याच्या बादलीत त्याच मापाने आधी करून बघा. गुलाबी रंग लगेच तपकिरी झाला तर पाण्यात घाण इतकी आहे की औषध तिच्यावरच खर्च होणार. तेव्हा आधी पाणी बदला. टाकायचंच तर सकाळी, उन्हं वाढण्याआधी, बादलीत पूर्ण विरघळवून, सगळीकडे सारखं पसरून, एरेटर चालू ठेवून. शेवाळही मरतं, त्या रात्री ऑक्सिजन घसरतो, म्हणून रात्रभर जागं राहायची तयारी ठेवा. दुपारी पीएच ९ च्या वर जाणाऱ्या तळ्यात वापरू नका, आणि चुना किंवा फॉर्मालिनबरोबर कधीही नको.

मासा फाडून बघणं

मेलेला मासा उपयोगाचा नाही. उन्हाळ्यात तासाभरात पाण्यातले जिवाणू त्यात शिरतात आणि मग सगळ्याच मेलेल्या माशांत एरोमोनास सापडतो. जिवंत, पण आजारी मासा घ्या, डोक्यावर फटका देऊन मारा, गुदद्वारापासून पुढे कात्रीने पोट उघडा. पोटात लालसर किंवा पिवळट पाणी, यकृतावर रक्ताचे ठिपके, प्लीहा काळपट आणि फुगलेली, आतडं रिकामं आणि आत पिवळा चिकटा, असं दिसलं तर जिवाणू रक्तात पोचला आहे. प्लीहा फुगते कारण लढाई तिथे चाललेली असते. यानंतर पाण्यात काहीही टाकून तो मासा बरा होणार नाही.

इथे थांबा आणि तज्ज्ञाला बोलवा

ऑक्सिजन आणि पाणी दुरुस्त करूनही मर सलग दोन दिवस दुप्पट होत गेली. फाडलेल्या माशांत वरची आतली लक्षणं दिसली. पंगसच्या मूत्रपिंडावर किंवा यकृतावर पांढरे ठिपके दिसले, हा एडवर्डसिएला जिवाणू, आणि तो वेगाने पसरतो. चिलापी गोल गोल फिरत पोहतेय आणि डोळे धुरकट किंवा बाहेर आलेले आहेत, हा गरम पाण्यातला स्ट्रेप्टोकॉकस जिवाणू. चिलापीची मोठ्या प्रमाणावर मर, पण जिवाणूचं काहीच लक्षण नाही, तर विषाणूही असू शकतो आणि त्याला औषध नाही. थंडीत खोल व्रण दिसले तर ईयूएसची खबर सरकारला देणं गरजेचं आहे. यातल्या कुठल्याही प्रसंगी स्वतःच्या मनाने पुढे जाऊ नका.

जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा. नागपूर, उदगीर आणि रत्नागिरीजवळ शिरगाव इथे मत्स्य महाविद्यालयं आहेत, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. केंद्र सरकारच्या 'रिपोर्ट फिश डिसीज' या २०२३ पासूनच्या ॲपवरूनही खबर देता येते. नमुना म्हणून आजारी जिवंत मासे ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत न्या. ते जमत नसेल तर ताजे मारलेले मासे पिशवीत घालून बर्फावर. गोठवू नका. सोबत पाण्याची बाटली आणि गेल्या पंधरा दिवसांत काय काय टाकलं याची खरी यादी. यादी लपवली तर अहवाल चुकतो.

अँटिबायोटिकचा निर्णय त्यांचा, तुमचा किंवा दुकानदाराचा नव्हे. प्रयोगशाळा आधी जिवाणू वाढवते आणि कोणतं औषध त्याला लागू पडतं ते बघते. ही तपासणी न करता ऑक्सिटेट्रासायक्लिन देणारे फार आहेत. ते कठीण पाण्यातल्या कॅल्शियमशी बांधलं जातं, उन्हात मोडतं, म्हणून पाण्यात टाकणं म्हणजे पैसे बुडवणं. खाद्यातून दिलं तर आजारी मासा खातच नाही, त्याचा फायदा अजून खाणाऱ्यांनाच. अर्धवट दिवस देऊन सोडलं की गाळात औषधाला न जुमानणारा एरोमोनास उरतो, आणि पुढच्या वर्षी तेच औषध चालत नाही. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटाच्या औषधांवर बंदी आहे, ती कुणी स्वस्तात दिली तरी घेऊ नका. ऑक्सिटेट्रासायक्लिनचा अंश खाण्याच्या माशात किलोला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, म्हणून शेवटच्या डोसानंतर किती दिवस विक्री बंद ठेवायची ते तज्ज्ञाकडून लिहून घ्या. थंड पाण्यात औषध अंगातून उतरायला जास्त दिवस लागतात.

नॉर्वेतल्या सामन माशांची गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो. तिथे १९८७ मध्ये मत्स्यपालनात पन्नास टनांच्या जवळपास अँटिबायोटिक वापरलं जात होतं. नव्वदच्या दशकात एकेका माशाला टोचायच्या तेलयुक्त लसी आल्या आणि काही वर्षांत हा वापर एक-दोन टनांवर आला, उत्पादन मात्र वाढतच गेलं. आपल्या रोहूला एकेक सुई परवडत नाही हे खरं, पण रोग माशाच्या प्रतिकारशक्तीवरच अडवायचा असतो हे त्यांनी मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं. आपल्याकडे तेच काम ऑक्सिजन, ताजं खाद्य आणि कमी दाटी करतात.

पुढच्या हंगामाआधी

मेलेले मासे रोज सकाळी काढा, तळ्यापासून आणि विहिरीपासून दूर खड्ड्यात चुना घालून पुरा. ओढ्यात फेकू नका, खालच्या गावाच्या तळ्यात रोग जातो. वापरलेलं जाळं वाळवल्याशिवाय दुसऱ्याच्या तळ्यावर नेऊ नका.

मासे विकून झाले की मे महिन्यात तळं पूर्ण रिकामं करा, गाळ उपसा, प्लॅस्टिक कागद घासून आठ-दहा दिवस कडक उन्हात राहू द्या. उवांची अंडी याच उन्हाने मरतात. नवी बोटुकली आणल्यावर पिशवीतलं आणि तळ्यातलं तापमान जुळेपर्यंत पिशवी पाण्यावर तरंगत ठेवा, मग तळ्यात सोडण्याआधी २ ते ३ टक्के मिठाच्या पाण्यात, म्हणजे लिटरला २० ते ३० ग्रॅम, एक-दोन मिनिटं बुडवा. बोटुकली कलंडली की त्या क्षणी बाहेर काढा. त्यानंतर पहिले पंधरा दिवस हापात, म्हणजे तळ्यातच बांधलेल्या बारीक जाळीच्या पिंजऱ्यात, वेगळे ठेवा आणि त्या काळात जाळं लावू नका.